डब्ल्यू यूएमएचा पिरियड निम्माच का येतोय? ग्रहणकारी ताऱ्यांचे लाइट कर्व्ह वाचणाऱ्यांसाठी धागा

मृग_नाशिक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे आकाशदर्शनाचे धागे बरेच आहेत पण डेटा घेऊन बसणाऱ्यांचा एकही दिसला नाही म्हणून नवीन काढतेय, आधी असेल तर लिंक द्या, हा उडवला तरी चालेल.

तर झालंय असं की टेस उपग्रहाचा डेटा फुकट मिळतो हे कळल्यावर मी पायथनमधलं लाइटकर्व्ह पॅकेज टाकलं आणि सप्तर्षीतला डब्ल्यू अर्से मेजोरिस उर्फ डब्ल्यू यूएमए उतरवून घेतला. ग्राफ (लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार बदलणारा उजेड) बघून वेडच लागलं, वर खाली वर खाली, जवळजवळ महिनाभर सलग, मधे थोडी फट. मग लॉम्ब-स्कार्गल (डेटातून पिरियड शोधायची पद्धत) चालवलं तर सगळ्यात उंच शिखर ०.१६६८ दिवसांवर. त्याने फोल्ड केलं (सगळ्या फेऱ्या एकमेकींवर ठेवल्या) तर एकच सुबक खड्डा आला, मी खूश. आणि मग कॅटलॉग उघडला तर तिथे पिरियड ०.३३३६ दिवस! म्हणजे बरोब्बर दुप्पट. सॉफ्टवेअर चुकतंय, की कॅटलॉगवाल्यांना काहीतरी माहितीये जे मला माहीत नाही?

दुसरा प्रश्न म्हणजे यातून पुढे काय काय काढता येतं? एका व्हिडिओत म्हणत होते की लाइट कर्व्हवरून ताऱ्यांचं वस्तुमान काढता येतं. फीबी (जोडीचं मॉडेल ग्राफवर बसवणारं सॉफ्टवेअर) पण इन्स्टॉल करून ठेवलंय पण त्यातले पॅरामीटर बघूनच बंद केलं. जाणकारांनी मदत करावी, गणित चालेल, फार जड नको.

चिंचेचं_पाणी

वाचनखूण साठवली आहे. मला यातलं ओ की ठो कळत नाही पण मारामारी झाली तर बघायला आवडेल.

फोटॉनराव

सॉफ्टवेअर चुकत नाहीये, त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर देतंय. लॉम्ब-स्कार्गल साइन लाट बसवून बघतं, आणि डब्ल्यू यूएमएमध्ये एका फेरीत उजेड दोनदा वर जातो नि दोनदा खाली येतो, कारण अ तारा ब च्या पुढे येतो तेव्हा एक ग्रहण आणि अर्ध्या फेरीनंतर ब तारा अ च्या पुढे येतो तेव्हा दुसरं. दोन्ही खड्डे जवळजवळ सारख्या खोलीचे असले की साइन लाटेच्या दृष्टीने तो निम्म्या पिरियडचा सरळसोट चढउतार. म्हणून या जातीच्या ताऱ्यांना पिरियडोग्रामने (लॉम्ब-स्कार्गलच्या त्या शिखरांच्या ग्राफने) दिलेला आकडा दुप्पट करून बघायचा हा पहिला नियम, अपवाद जवळजवळ नाहीच.

आता तूच तपास. ०.३३३६३ ने फोल्ड कर आणि दोन खड्डे शेजारी ठेव. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगात मोठा खड्डा ८.४८ प्रतीपर्यंत जातो (प्रतीचा आकडा मोठा तितका उजेड कमी) आणि धाकटा ८.४३ पर्यंत, कमाल उजेड ७.७५. म्हणजे फरक ०.०५ प्रत. टेसच्या डेटात हा फरक भिंतीएवढा दिसायला पाहिजे, निम्म्या पिरियडने फोल्ड केलेल्या ग्राफमध्ये खड्ड्याच्या तळाशी दोन वेगळ्या रेघा दिसत असतील बघ, ठिपके मोठे ठेवले असशील तर त्या एकमेकीत मिसळल्या असतील. अजून एक, टेस साधारण ६०० ते १००० नॅनोमीटर म्हणजे लालसर उजेड बघतो, त्या पट्ट्यात गरम-थंड ताऱ्यातला फरक कमी जाणवतो, त्यामुळे खोलीतला फरक ०.०५ पेक्षा थोडा कमी आला तर घाबरू नकोस.

आणि डेटा कुठला घेतलास ते सांग, ३० मिनिटांचा की २ मिनिटांचा? आठ तासांच्या ताऱ्याला अर्ध्या तासाची सरासरी घेतली की खड्ड्याचं टोक बोथट होतं. २ मिनिटांचा मिळत असेल तर तोच घे.

मृग_नाशिक

अय्या खरंच!! ठिपके बारीक केले तर दोन रेघा दिसल्या. आणि हो, मी ३० मिनिटवालाच घेतला होता, आता २ मिनिटांचा उतरवतेय.

पण मग मोठा खड्डा म्हणजे मोठा तारा झाकला जातो तो ना?

फोटॉनराव

नाही, आणि इथे बहुतेक सगळे अडखळतात. कक्षा वर्तुळाकार असेल तर दोन्ही ग्रहणांत झाकलं जाणारं क्षेत्रफळ सारखंच असतं. एकदा छोट्या ताऱ्याची चकती मोठ्याचा तेवढा भाग झाकते, दुसऱ्यांदा मोठा तारा छोट्याची तेवढीच चकती झाकतो. क्षेत्रफळ सारखं, मग खोली कशावर ठरते? ज्याचा पृष्ठभाग दर चौरस किलोमीटरला जास्त उजेड देतो तो झाकला की खड्डा खोल. म्हणजे गरम तारा झाकला जातो तो मोठा खड्डा. आकाराचा संबंध नाही.

डब्ल्यू यूएमएमध्ये तर गंमत अशी की खोल ग्रहण होतं तेव्हा छोटा तारा मागे जातो, कारण तिथे छोटाच किंचित जास्त गरम आहे. बिनेनडाइक यांनी १९७० साली या चिकटलेल्या जोड्यांचे ए आणि डब्ल्यू असे दोन उपप्रकार पाडले ते याच्यावरूनच, ए मध्ये खोल खड्ड्याला मोठा तारा झाकला जातो, डब्ल्यू मध्ये छोटा. आणि डब्ल्यू हे नाव याच ताऱ्यावरून.

चिंचेचं_पाणी

चिकटलेल्या म्हणजे?? तारे एकमेकांना चिकटतात?

वैदेही_पी

हो, दोघांचं बाहेरचं आवरण एकच असतं, भुईमुगाच्या शेंगेचा आकार डोळ्यापुढे आण. प्रत्येक ताऱ्याभोवती एक हद्द असते, रोश लोब म्हणतात, त्याच्या आतला वायू त्या ताऱ्याचा. दोघांनीही आपापली हद्द भरून ओसंडली की वायू सामायिक होतो आणि तापमानही जवळजवळ सारखं होतं, म्हणून दोन्ही खड्डे सारखे. आणि आकार लांबट असल्यामुळे ग्रहण नसतानाही उजेड बदलत राहतो, आडवा दिसला की जास्त, टोकाकडून दिसला की कमी. त्यामुळेच मृगताईंच्या ग्राफमध्ये कुठेच सपाट भाग नाहीये.

सपाट भाग बघायचा असेल तर मिथुनेतला वायवाय जेमिनोरम बघा, कॅस्टरच्या कुटुंबातली ती अंधुक लाल जोडी. दोघे सुटे सुटे आहेत, पिरियड ०.८१४ दिवस, आणि दोघे जवळजवळ जुळे त्यामुळे खड्डेही जुळे. तिथे सुद्धा पिरियड निम्मा निघतो, चिकटलेले नसूनही.

दुर्बीणवाले_काका

धागा बघून बरं वाटलं. मी संगणकाच्या भानगडीत पडत नाही, पण अल्गॉलचे लाइट कर्व्ह मी कागदावर काढलेले आहेत, तेव्हा थोडं लिहितो.

ययातीतला बीटा तारा म्हणजे अल्गॉल. एरवी २.१ प्रतीचा, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी ३.४ पर्यंत उतरतो. सगळं ग्रहण सुमारे दहा तासांचं, पाच तास उतरण, पाच तास चढण, पण नजरेला ठळक जाणवतो तो मधला चारेक तासांचा भाग. दुर्बीण लागत नाही. शहरातल्या गच्चीवरूनसुद्धा जमतं, आपल्याकडे ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत उत्तम.

रीत अशी की दर पंधरा मिनिटांनी आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडून प्रत लिहायची. उजेडात असताना देवयानीतला गॅमा २.१ चा, मग ययातीतलाच एप्सिलॉन २.९, डेल्टा ३.०, आणि तळाशी पोचल्यावर त्रिकोणातला आल्फा ३.४ चा. एक धोक्याची सूचना, अल्गॉलच्या अगदी शेजारी ऱ्हो ययाती आहे, सोयीचा दिसतो म्हणून नवशिके त्याच्याशीच ताडतात आणि तो स्वतःच रूपविकारी आहे, साधारण ३.३ ते ४.० मधे फिरत असतो. त्याला हात लावू नका.

मग आलेखाच्या कागदावर ठिपके मांडायचे. किमान उजेडाची वेळ नजरेने ठरवायची नाही कारण तळाशी वक्र चपटा असतो, तिथे अर्धा तास इकडे तिकडे सहज होतो. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, ठिपके उतरवायचे, कागद उलटा करायचा आणि उतरणीवर चढण बसेपर्यंत सरकवायचा. बसली की जिथे घडी पडेल ती किमान उजेडाची वेळ. उतरणीचा उतार तीव्र असतो म्हणून वेळ त्यातून नेमकी निघते.

आणि एक गोष्ट नियोजनाची. पुढचं ग्रहण तीन दिवसांनी घड्याळात सव्वातीन तास अलीकडे येतं (नेमके ३ तास ११ मिनिटं). पहाटे अडीचला एक मिळालं की तीन दिवसांनी रात्री अकरा वीसच्या सुमारास, आणखी तीन दिवसांनी रात्री आठला. मग पुढचं संध्याकाळच्या उजेडात बुडालं, की थेट वीस दिवसांच्या चक्रावर पुन्हा. झोपमोड नको असेल त्याने आठ वाजताचं गाठावं.

फोटॉनराव

काका _/\_. तुमचा ट्रेसिंग पेपर हाच आकड्यांत घातलेला म्हणजे क्वी आणि व्हॅन वूर्डेन यांची १९५६ ची पद्धत. एक मधली वेळ धरायची, वक्र तिच्याभोवती उलटवायचा, दोन्ही बाजूंतला फरक मोजायचा, आणि फरक सर्वात कमी येईल ती वेळ घ्यायची. अजूनही लोक हीच वापरतात. फक्त त्यातून जी चूक-मर्यादा बाहेर पडते ती जरा जास्तच आशावादी असते, तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये.

गोंयचो_पावस

काका तुमच्या पोस्टची प्रिंट काढून ठेवलीय.

अल्गॉल ठरलेल्या काळाने मंदावतो हे ज्याने कळवलं त्या गुडरिकबद्दल पण कोणीतरी लिहा ना.

दुर्बीणवाले_काका

जॉन गुडरिक. इंग्लंडात यॉर्कला राहायचा, ऐकू येत नसे. १७८२ च्या हिवाळ्यात अल्गॉल बघायला लागला तेव्हा वय अठरा. शेजारी एडवर्ड पिगॉट होता, त्याच्याकडे उपकरणं नि पुस्तकं, दोघे मिळून बघत. १७८३ मध्ये गुडरिकने रॉयल सोसायटीला कळवलं की हा ठरलेल्या काळाने मंदावतो, आणि कारण म्हणून दोन शक्यता दिल्या, एक तर काळोखा जोडीदार पुढून जातो किंवा ताऱ्यावरच डाग आहेत आणि तो फिरतोय. त्याच वर्षी कॉप्ली पदक मिळालं. पुढच्या वर्षी बीटा लायरी आणि डेल्टा सेफीचे बदलही त्यानेच टिपले. १७८६ मध्ये गेला, एकविसाव्या वर्षी. जोडीदार खरंच आहे हे ठरायला १८८९ उजाडलं, पॉट्सडॅमला फोगेल यांनी वर्णपटातून अल्गॉल मागेपुढे होताना पकडला.

अर्धवट_शास्त्रज्ञ

छान चाललंय पण मूळ प्रश्नाला सगळे बगल देतायत. वस्तुमान निघतं की नाही? माझ्या मते त्या व्हिडिओवाल्याने पुड्या सोडल्यात.

वैदेही_पी

नुसत्या लाइट कर्व्हमधून नाही निघत. आमच्या सरांचं आवडतं वाक्य आहे की लाइट कर्व्हला पट्टी नसते. म्हणजे त्यातून मिळतात ती सगळी गुणोत्तरं, त्रिज्या भागिले दोघांमधलं अंतर, तापमानांचं गुणोत्तर, कक्षेचा कल (ती आपल्याला किती तिरकी दिसते). आख्खी जोडी दुप्पट मोठी केली, अंतर दुप्पट, तारे दुप्पट, पिरियड तोच ठेवला तर ग्राफ जसाच्या तसा. पण वस्तुमान मात्र आठपट होईल केप्लरच्या नियमाने. तर ग्राफला ते कळणार कसं? किलोमीटर आणायचे तर वर्णपटातून वेग पाहिजेत, किलोमीटर प्रति सेकंदात. वेग गुणिले पिरियड म्हणजे कक्षेचा घेर, तिथून अंतर, तिथून वस्तुमान. वेग नुसता वर्णपटातून काढला तर कल माहीत नसल्यामुळे वस्तुमान अर्धवट कळतं, आणि कल लाइट कर्व्ह देतो, म्हणून दोन्ही लागतात.

हे एकत्र आलं की जे मिळतं ते भारी असतं. अल्गॉलमध्ये गरम निळा तारा सूर्याच्या सव्वातीन पट वस्तुमानाच्या आसपास, आणि फुगलेला नारिंगी जोडीदार फक्त ०.७ पट. आता जड तारा आधी म्हातारा व्हायला पाहिजे ना, आणि इथे हलका म्हातारा झालाय! त्यावर उत्तर १९५५ च्या सुमारास क्रॉफर्ड यांनी सुचवलं की आजचा हलका तारा मुळात जड होता, फुगला, हद्द ओलांडली आणि आपला माल शेजाऱ्याकडे ओतून बसला.

अर्धवट_शास्त्रज्ञ

ओके पटलं. पण मग माझी शंका, दोन तारे असतील तर ग्रहणात फार तर अर्धा उजेड जाईल ना? अर्धा म्हणजे पाऊण प्रत. अल्गॉल १.३ प्रत कसा उतरतो?

फोटॉनराव

चांगला प्रश्न. १.३ प्रत म्हणजे उरलेला उजेड सुमारे ३० टक्के, ७० टक्के गायब. तुझी पाऊण प्रतीची मर्यादा दोघे सारखेच तेजस्वी असतील तर लागू होते. तेव्हा ज्या जोडीत खड्डा ०.७५ पेक्षा खोल गेला तिथे दोघांचे पृष्ठभाग सारखे नाहीत हे मॉडेल न लावताच सिद्ध झालं, आकडेमोड कागदाच्या कोपऱ्यावर. अल्गॉलमध्ये जवळजवळ सगळा दिसणारा उजेड निळ्या ताऱ्याचा, आणि त्याच्यापुढे थंड तारा येतो, तोसुद्धा पुरता झाकत नाही, ग्रहण खंडग्रास आहे. उलट निळा तारा थंडाच्या पुढे येतो तेव्हा जेमतेम काही शतांश प्रतीचा खड्डा, नजरेला शक्यच नाही. तो पहिल्यांदा पकडला जोएल स्टेबिन्स यांनी १९१० मध्ये, अमेरिकेत इलिनॉयला, सेलेनियमचा सेल दुर्बिणीला लावून. म्हणजे गुडरिकनंतर सव्वाशे वर्षांनी.

शिवाय ग्राफमध्ये तिसऱ्याचाही उजेड मिसळलेला आहे. अल्गॉलला अजून एक तारा आहे, १.८६ वर्षांत फेरी मारणारा, तो झाकलाच जात नाही, त्यामुळे खड्डा असायला हवा त्यापेक्षा उथळ दिसतो.

अर्धवट_शास्त्रज्ञ

आता माझी मूळ तक्रार. हा तिसरा उजेड फीबीमध्ये एक आकडा म्हणून सुटा सोडता येतो. डागही सोडता येतात, कुठे, केवढा, किती थंड. कडेचा अंधारपणा (ताऱ्याची चकती कडेला मंद दिसते तो) सोडता येतो. एवढं सगळं सुटं सोडल्यावर कुठलाही ग्राफ बसेल हो! नेटवर असे कितीतरी कर्व्ह बघितलेत, लाल रेघ ठिपक्यांतून अशी मस्त गेलेली, आणि खाली वस्तुमानाचं गुणोत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत. कशाच्या जोरावर?

फोटॉनराव

या बाबतीत मी पूर्ण तुझ्या बाजूने. विल्सन आणि डेव्हिनी यांनी १९७१ मध्ये जो कोड लिहिला आणि ज्याच्या पायावर पुढे फीबी उभं राहिलं, ते भौतिकशास्त्र दणकट आहे, घोळ वापरणाऱ्याकडून होतो. चिकटलेल्या जोडीत ग्रहण खग्रास असेल, म्हणजे तळ सपाट असेल, तर वस्तुमानांचं गुणोत्तर नुसत्या लाइट कर्व्हमधूनही बऱ्यापैकी निघतं, कारण दोघांनी हद्द भरलेली असली की त्रिज्यांचं गुणोत्तर वस्तुमानांच्या गुणोत्तराला बांधलेलं असतं. पण ग्रहण खंडग्रास असेल तर कल थोडा वाढवा, गुणोत्तर थोडं कमी करा, तिसरा उजेड थोडा घाला, ग्राफ तोच. अशा वेळी एक उत्तर छापण्यापेक्षा कुठली कुठली उत्तरं चालतात त्याचा नकाशा छापावा.

डागांचं तर बोलूच नका. दोन ग्रहणांमधली दोन शिखरं उंचीला वेगवेगळी असली की त्याला ओ'कॉनेल परिणाम म्हणतात, १९५१ मध्ये ओ'कॉनेल यांनी त्याचा अभ्यास केला त्यावरून हे नाव, आणि कारण अजून सगळीकडे एकच मानलं जात नाही. तरी लोक शिखर बुटकं दिसलं की एक डाग डकवतात आणि पुढे जातात. टेसच्या सलग डेटात शिखरांच्या उंच्या आठवड्यागणिक बदलताना दिसल्या तर डाग म्हणायला निदान काहीतरी आधार आहे.

मृग, तिसऱ्या उजेडाची अजून एक वाट, टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ आर्कसेकंदांचा असतो, कॅमेऱ्याचं तोंड जेमतेम साडेदहा सेंटीमीटर. डब्ल्यू यूएमए ठसठशीत आहे म्हणून चालून जातं, पण १३ व्या प्रतीचा तारा घेशील तर त्याच पिक्सेलमध्ये शेजारचे चार तारे येऊन बसलेले असतात. आधी गाया उपग्रहाच्या ताऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये शेजारी कोण आहे ते बघायचं. कधीकधी ग्रहण शेजाऱ्याचंच असतं.

चिंचेचं_पाणी

"ग्रहण शेजाऱ्याचंच असतं" ठ्ठो =)) आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?

मृग_नाशिक

मग माझ्यासारखीने करायचं काय? वेग माझ्याकडे नाहीत, मॉडेल भरवशाचं नाही. ग्राफ बघून खूश व्हायचं आणि झोपायचं?

फोटॉनराव

वेग बरेचदा आधीच कोणीतरी मोजलेले असतात, टोरांटोजवळच्या डेव्हिड डनलॅप वेधशाळेतून रुचिन्स्की आणि मंडळींनी चिकटलेल्या जोड्यांच्या वेगांची पेपरांची मोठी मालिकाच काढलीये. ते घ्यायचे आणि आपला लाइट कर्व्ह जोडायचा.

पण खरं सांगू का, हौशी माणसाने मॉडेलच्या मागे लागूच नये आधी, वेळा मोजाव्यात. काका करतात तेच. किमान उजेडाची वेळ, नेमकी, वर्षानुवर्षं. मग ओ-सी चा तक्ता, म्हणजे प्रत्यक्ष दिसलेली वेळ वजा गणिताने आलेली वेळ. पिरियड पक्का असेल तर आडवी रेघ. गृहीत पिरियड किंचित चुकला असेल तर तिरकी. पिरियड हळूहळू बदलत असेल तर पॅराबोला. तिसरा तारा असेल तर लाट, कारण जोडी कधी आपल्याजवळ येते कधी लांब जाते आणि उजेड लवकर-उशिरा पोचतो. बीटा लायरीचं उदाहरण घ्या, पिरियड दर वर्षी १९ सेकंदांनी वाढतोय, १९ सेकंद काहीच नाहीत असं वाटतं पण गुडरिकच्या काळात तो १२.८९ दिवसांच्या आसपास होता आणि आता १२.९४. आणि वेळेतला फरक तर वर्गाने साठत जातो. हे सगळं कोणी बघितलं, तर बहुतांश हौशी लोकांनी.

आणि वेळ चुकली तर काय होतं त्याची गोष्ट सांगतो. हंस तारकासमूहात केआयसी ९८३२२२७ म्हणून एक चिकटलेली जोडी आहे, पिरियड सुमारे ११ तास. तिचा पिरियड वेगाने कमी होतोय असं दिसलं आणि २०१७ च्या जानेवारीत लॅरी मोल्नर यांच्या गटाने जाहीर केलं की २०२२ च्या आसपास दोघे एकमेकांत विलीन होतील, लाल नोव्हा (विलीन होताना उडणारा लालसर भडका) दिसेल, नुसत्या डोळ्यांनी. जगभर बातम्या. कल्पना हवेतली नव्हती, २००८ मध्ये व्ही १३०९ स्कॉर्पी अगदी असाच भडकला होता आणि त्याच्या आधीच्या वर्षांच्या ओगल या आकाश-सर्व्हेच्या निरीक्षणांत १.४ दिवसांचा पिरियड घटत घटत गेलेला स्पष्ट दिसला होता.

मग २०१८ मध्ये सोशिया वगैरेंनी २००३ सालची न छापलेली निरीक्षणं काढली, ती त्या वक्रावर बसेनात. शोधत गेले तर १९९९ च्या जुन्या निरीक्षणांच्या वेळा बरोब्बर १२ तासांनी सरकलेल्या, त्या सर्व्हेची माहिती देणाऱ्या २००४ च्या पेपरमध्ये छपाईची चूक होती! पिरियड ११ तासांचा, वेळ १२ तासांनी चुकलेली, म्हणजे ओ-सी मध्ये नेमका एक तास खोटा. त्या एका तासाने आख्खं भाकीत उभं केलं होतं. मला या प्रकरणात आवडतं ते हे की मोल्नर यांनी भाकीत तपासता येईल असं मांडलं होतं आणि चूक दाखवल्यावर लगेच मान्यही केली.

अर्धवट_शास्त्रज्ञ

हे माहीतच नव्हतं. म्हणजे सगळं फीबी-बिबी ठीक आणि घात झाला घड्याळाने.

गोंयचो_पावस

घड्याळावर मी बोलतो कारण मी डीएसएलआरने हे करतो.

कॅमेऱ्याचं घड्याळ भरवशाचं नसतं, रोज थोडं थोडं सरकतं, ग्रहण टिपायच्या आधी आणि नंतर जीपीएस किंवा नेटवरच्या वेळेचा फोटो काढून ठेवायचा. मग भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. मग ज्युलियन दिवस (खगोलातली सलग दिवसांची मोजणी), तो दुपारी बारा यूटीला (जागतिक वेळेला) बदलतो म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला, त्यामुळे आपली सगळी रात्र एकाच ज्युलियन दिवसात पडते, युरोपवाल्यांची पण पडते, ही सोय आहे. पण सुधारित ज्युलियन दिवस मध्यरात्रीपासून मोजतात, अर्ध्या दिवसाचा फरक!! वरच्या गोष्टीतले १२ तास वाचून अंगावर काटा आला तो म्हणूनच. टेसच्या फाइलमध्ये तर २४५७००० वजा केलेले असतात आणि केप्लर दुर्बिणीच्या फाइलमध्ये २४५४८३३, दोन्ही एकत्र जोडताना हे बघायचंच.

शेवटी सूर्यकेंद्री दुरुस्ती. पृथ्वी ताऱ्याच्या बाजूला असते तेव्हा उजेड लवकर पोचतो, सहा महिन्यांनी उशिरा. क्रांतिवृत्तावरच्या ताऱ्याला हे अधिक-उणे ८.३ मिनिटं, डब्ल्यू यूएमए बराच वर आहे म्हणून त्याला साधारण ६.४ मिनिटं. दुरुस्ती केली नाही तर ओ-सी मध्ये वर्षाच्या पिरियडची सुंदर लाट येते आणि माणूस तिसरा तारा सापडला म्हणून नाचायला लागतो. टेसच्या वेळांमध्ये ही दुरुस्ती आधीच केलेली असते (ती सूर्याऐवजी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला धरून), दुबार करू नका.

फोटोचं म्हणाल तर रॉ मध्येच काढायचे, जेपेग नको, फोकस थोडासा घालवायचा म्हणजे तारा जास्त पिक्सेलवर पसरतो, आणि फक्त हिरवा चॅनल घ्यायचा, तो खगोलवाल्यांच्या व्ही फिल्टरच्या जवळ जातो. तुलनेचे तारे त्याच फ्रेममध्ये, रंगाने जवळचे. शहरातला उजेड फारसा आड येत नाही कारण आपण फरक मोजतो. जून ते सप्टेंबर मात्र विसरा.

मृग_नाशिक

मला हे करायचंय! ट्रॅकिंग माउंट आहे एक छोटं, २०० मिमी लेन्स आहे. डब्ल्यू यूएमए कधी?

गोंयचो_पावस

फेब्रुवारीच्या मध्यात तो मध्यरात्री डोक्यावरच्या रेषेवर येतो. आपल्याकडून ५० अंशांच्या आसपासच चढतो, पण ३० अंशांच्या वर साधारण साडेआठ तास राहतो. म्हणजे पिरियडपेक्षा थोडंसं जास्त, एका रात्रीत आख्खी फेरी. दोन्ही ग्रहणं.

फोटॉनराव

आणि हे नशीबच म्हणायचं, कारण या ताऱ्याची एक खोडी आहे. पिरियड ८ तास आणि २६ सेकंद. तीन फेऱ्या म्हणजे २४ तास आणि सव्वा मिनिट. त्यामुळे रोज रात्री त्याच वेळेला ग्रहणाचा तोच भाग दिसतो, तू रोज नऊ ते बारा बघितलंस तर आठवडाभर एकच तुकडा मोजत बसशील. एक तर पूर्ण रात्र बस, नाहीतर मी इथे ॲरिझोनातून उरलेला भाग घेतो, आपल्यात साडेबारा तासांचा फरक आहे. माझ्या बाजूने मार्चपर्यंत कधीही चालेल.

दुर्बीणवाले_काका

मृगताई, रात्रभर बसणार असाल तर दव पडेल, लेन्सला हीटर पट्टी लावा. नाशिकला फेब्रुवारीत पहाटे चांगलंच पडतं. आणि लेन्सवर दव साचत जातं तेव्हा तुलनेचे तारेही सोबत मंदावतात, म्हणून ते लगेच लक्षात येत नाही, कच्चे आकडे अधूनमधून बघत जा.

अर्धवट_शास्त्रज्ञ

मला पण घ्या, मी मॉडेल लावून देतो, पण एक उत्तर देणार नाही, नकाशाच देईन :)

या सगळ्याचा उपयोग काय असं घरी विचारलं तर काय सांगायचं तेही द्या कोणीतरी.

वैदेही_पी

मोठ्या मॅजेलॅनिक मेघाचं अंतर सांग. पिएतशिन्स्की यांच्या गटाने २०१९ मध्ये २० ग्रहणकारी जोड्या वापरून ते ४९.५९ किलोपार्सेक काढलं, सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षं, एक टक्क्याच्या अचूकतेने. लाइट कर्व्ह आणि वेग मिळून त्रिज्या किलोमीटरमध्ये, रंगावरून पृष्ठभागाची तेजस्विता, दोन्हीवरून खरा उजेड, आणि दिसणाऱ्या उजेडाशी ताडलं की अंतर. विश्व किती वेगाने पसरतंय ते मोजायच्या शिडीची एक पायरी त्याच्यावर उभी आहे.

चिंचेचं_पाणी

मी काहीच करणार नाही पण रात्री चहा लागला तर नाशिकमध्येच राहतो, सांगा.

मृग_नाशिक

चहा नक्की :) तर फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आसपासचा शनिवार धरूया का? पावसभाऊ, आयएसओ किती ठेवू आणि एक्स्पोजर किती, आठव्या प्रतीला २०० मिमीवर?

गोंयचो_पावस

आयएसओ ४०० ने सुरुवात कर, एफ ४, ३० सेकंद, फोकस किंचित बाहेर. हिस्टोग्राम नको बघू, ताऱ्याच्या मधल्या पिक्सेलचा हिरवा आकडा बघ, कमाल मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास राहू दे. आधी एखाद्या रात्री अल्गॉलवर हात बसव, त्याला ५ सेकंदसुद्धा जास्त होतील.